जिनामावशीचे दोन खिसे

"साठ माणसांना विचारलं मी! मोजून साठ! सगळे म्हणाले, छान आहे!"

"आणि रविवारी बाल्कनीत किती माणसं होती? खुर्च्या सोडून सांग!"

हे भांडण एकतीस वर्षांपूर्वीचं. ऑफिसच्या दाराची कडी तुटलेली होती, त्यामुळे दार कधी नीट लागायचंच नाही, आणि आत थिएटरचे मालक नि मॅनेजर एकमेकांवर ओरडत होते ते बाहेर जिना झाडणाऱ्या बाईला शब्द न शब्द ऐकू येत होतं. बाई नवीन होती. नोकरीला लागून दोन महिने झाले नव्हते. ऐकू नये, खाली मान घालून झाडावं, एवढी अक्कल तिला होती. पण झाडू एकाच पायरीवर फिरत राहिला.

"दारात उभं राहून विचारलंस तर लोक छानच म्हणणार!" मालक म्हणाले. "पाहुणा जेवून निघाला की दारात काय सांगतो? मीठ जास्त पडलं होतं, असं सांगतो?"

"मग कुठे विचारू? त्यांच्या घरी जाऊ?"

बाईला राहवलं नाही. ती बाहेरूनच बोलली, "विचारायचंच कशाला? मागच्या जिन्यात उभं राहायचं. आजच्या पिक्चरला लोक शिव्या घालत उतरलेत. एक म्हातारी तर म्हणाली, यापेक्षा दातांच्या डॉक्टरकडे गेले असते तर बरं झालं असतं."

आत खुर्ची सरकली. बाईला वाटलं, गेली नोकरी. मालक बाहेर आले, तिला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाले, "आणखी काय म्हणाले?"

तिनं सांगितलं. सगळं सांगायला अर्धा तास लागला. मॅनेजर पाणी पितो म्हणून गेला तो त्या दिवशी परत आला नाही.

त्या दिवसापासून बाल्कनीचा मागचा जिना तिचा झाला आणि तिचं नाव पडलं जिनामावशी. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते महिन्यातून एकदा कामाला यायचं.

काम असं. शुक्रवारी नवा पिक्चर लागला की पहिल्या खेळाला शेवटची दहा मिनिटं उरली असताना मावशीनं बाल्कनीची मागची दारं उघडायची, आणि झाडू घेऊन दुसऱ्या वळणावर जाऊन उभं राहायचं. दुसऱ्याच का? तर त्याचा तिचा अभ्यास होता. बेचाळीस पायऱ्या, तीन वळणं. पहिल्या वळणावर माणूस अजून पिक्चरमध्येच असतो, डोळे चोळत असतो. तिसऱ्या वळणावर त्याला घर आठवतं, गाडी कुठे लावली ते आठवतं. मत म्हणून जे काही माणसाच्या तोंडून निघतं ते दुसऱ्या वळणावर. आणि झाडणाऱ्या बाईसमोर कोणी आवाज खाली करत नाही, हे तर तुम्हाला सांगायलाच नको.

तिच्या एप्रनला दोन मोठे खिसे होते. जिन्यात तिकिटांची फाटकी अर्धकं पडलेली असायची, ती हातात गोळा करून ठेवायची. कोणी पिक्चरला बरं म्हटलं की एक अर्धक डाव्या खिशात, नावं ठेवली की उजव्या. संध्याकाळी मालकांच्या टेबलावर दोन्ही खिसे रिकामे करायचे, म्हणजे दोन ढीग. आणि मग कोण काय म्हणालं ते तोंडपाठ सांगायचं, अगदी ज्याच्या त्याच्या आवाजात. शाळा तिसरीपर्यंतच झालेली, त्यामुळे लिहून ठेवायचा प्रश्नच नव्हता. मालक ढिगांकडे बघायचे, तिचं ऐकायचे, आणि पिक्चर दुसऱ्या आठवड्याला ठेवायचा की काढायचा ते ठरवायचे. एकतीस वर्षांत हा हिशेब फारसा चुकला नाही.

गंमत अशी, की मावशीनं स्वतः एकही पिक्चर पुरता पाहिला नव्हता. दारं उघडायला जायची तेव्हा शेवट चाललेला असायचा. तिनं हजारभर शेवट पाहिले, सुरुवात एकही नाही. सूनबाई कधी विचारायची, "आई, आजचा कसा होता?" तर मावशी म्हणायची, "भेटले दोघं. किंवा मेला एकजण. मला काय, मी भेटलेल्यांनाच भेटते."

पुढे थोरल्या मालकांचे गुडघे गेले. ते घरी बसले. थिएटर धाकट्या मालकांकडे आलं. तरी मावशी शुक्रवारी संध्याकाळी दोन गल्ल्या ओलांडून थोरल्यांच्या घरी जायची, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ढीग ओतायची, आणि थोरले फोन उचलून मुलाला सांगायचे, ठेव किंवा काढ. धाकट्यांना हे पटत नव्हतं. नवीन माणसाला जुन्या माणसाचं पटू नये, यात काही नवल नाही. पण बापासमोर बोलायची हिंमत नव्हती.

मग एक दिवस धाकट्यांनी एक पेटी आणली. काचेची. बाल्कनीच्या पुढच्या दाराशी ठेवली, निम्मी माणसं तिथूनच बाहेर पडायची. शेजारी कार्डं, दोरीला बांधलेल्या पेन्सिली. कार्डावर तीन तोंडं छापलेली, एक हसरं, एक मधलं, एक रडवं. बघून झाल्यावर ज्या तोंडासारखं वाटतं त्यावर खूण करायची.

"मावशी," धाकटे म्हणाले, "राग मानू नका. पण आता असं ऐकून बिकून नाही चालत. जो बोलेल त्याचं मत, हे कसलं मत?"

"आणि पेन्सिलीचं मत खरं?" मावशी म्हणाली. "तुम्ही शेजारी उभे. तुमच्या तोंडाकडे बघून कोण रडक्या तोंडावर खूण करणार? मी तर घाबरून हसऱ्यावरच करीन."

धाकट्यांना हे झोंबलं. "ठीक आहे. येत्या शुक्रवारचा पिक्चर. तुमचा जिना आणि माझी पेटी. बाबा तुमचंच ऐकणार, ऐकू देत. पण तुमचं चुकलं, तर जिना बंद. मग तुम्ही खुर्च्या पुसायच्या, नाहीतर घरी बसायचं. कबूल?"

"आणि पेटी चुकली तर?"

"तर पेटी तुमच्या घरी न्या. नातवंडांना मासे पाळायला."

मावशीनं कबूल केलं. आता तिला जिना काय फार प्रिय होता असं नाही, गुडघे तिचेही दुखत होते. पण एकतीस वर्षं एका माणसानं तिचा शब्द खरा मानला होता. घरात तिचा शब्द मुलगा मानत नव्हता, सून मानल्यासारखं करायची, नवरा होता तोवर त्यानं कधी ऐकलाच नव्हता. तेव्हा तो जिना जाणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

शुक्रवारचा पिक्चर हिंदी होता, प्रेमाचा आणि हसण्याचा. पोस्टरवर हिरो-हिरोईन पाठीला पाठ लावून हाताची घडी घालून उभे, म्हणजे आधी भांडणार. सूनबाईसाठी मावशीनं पास आणला होता. ती बिचारी शिवणकामाच्या कारखान्यात दिवसभर मान मोडून बाह्या जोडायची, त्या दिवशी तिला सुट्टी होती.

मावशीनं दारं उघडली तेव्हा हिरो विमानतळावर धावत होता. मावशीनं मान हलवली आणि दुसऱ्या वळणावर जाऊन उभी राहिली. आणि मग असा जिना वाहिला, की विचारू नका.

"दहाव्या मिनिटाला मी तुला म्हटलं होतं की नाही, ह्या दोघांचं जमणार?"

"पोस्टरवर दोघांचाच फोटो आहे, आणि म्हणे मी ओळखलं! मोठा ज्योतिषी!"

"आजोबा खोकले तेव्हाच मला कळलं, आता हे आजारी पडणार आणि लग्न लावून देणार."

"त्या हिरोईनच्या मैत्रिणीला स्वतःचं काही कामधाम आहे का नाही? चोवीस तास हिच्याच मागे."

"हा धावत आला म्हणून विमान थांबतं? आम्ही दोन मिनिटं उशिरा गेलो तर बस थांबत नाही!" हा बोलणारा टक्कल पडलेला, हातात हेल्मेट. त्याचा आवाज तिन्ही वळणांवर घुमला.

"गैरसमज, गैरसमज, गैरसमज! अरे, एक फोन कर ना बाबा तिला!"

"कुत्र्याचं काम चांगलं होतं हां पण."

उजवा खिसा भरून वाहायला लागला. डाव्या खिशात तीन अर्धकं. एक कुत्र्याचं, एक गाण्यांचं, आणि एका आजोबांचं, जे म्हणाले, "बरं झालं आलो, छान झोप लागली." सूनबाईही त्या गर्दीतून उतरली. पर्स छातीशी धरून, खाली बघत, गुमान. मावशीला वाटलं, उशीर झाला म्हणून घाईत असेल. तिचं अर्धक कुठल्याच खिशात गेलं नाही.

तिकडे पेटीत काय निघालं? हसरी तोंडं शंभरात नव्वदच्या वर. मावशी नाकानं हसली. दुसऱ्या खेळाला तिनं पुढच्या दाराशी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, एक बाई कडेवरच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन चार कार्डांवर खुणा करवून घेत होती. पोराला हसरं तोंड आवडलं होतं. दुसरा एकजण पेन्सिलच तोडून घेऊन गेला.

संध्याकाळी थोरल्या मालकांच्या टेबलावर ढीग पडले. एक डोंगर, एक चिमूटभर.

"इतका वाईट?" थोरले म्हणाले.

"वाईट असता तरी चाललं असतं, मालक. सगळ्यांना सगळं आधीच माहीत होतं. एकाला तरी धक्का बसावा? नाही. विमानतळ बघून लोक हसत होते, पण हसायच्या जागी नाही."

थोरल्यांनी फोन उचलला. गुरुवारी पिक्चर उतरला. शनिवारी समोरच्या रस्त्यापलीकडच्या थिएटरनं तो लावला.

आणि तिथे तो सात आठवडे चालला.

पुढचे दिवस मावशीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. कामाला यायचं तर रस्ता ओलांडून यावं लागे, आणि रस्त्याच्या त्या बाजूला रांग. दुपारी रांग, संध्याकाळी रांग. बायका, पोरी, पोरं, नवऱ्याला ओढत आणणाऱ्या, सासूला हाताला धरून आणणाऱ्या. इकडे त्यांच्या थिएटरला एक गंभीर पिक्चर लागला होता, त्याला जिन्यात सगळे "वा" म्हणत उतरायचे. सगळे म्हणजे अकराजण. धाकटे मालक काही बोलत नव्हते. बोलले असते तर मावशीला बरं वाटलं असतं. ते नुसतं काचेची पेटी फडक्यानं पुसत बसायचे.

मावशीला सगळ्यात राग कशाचा आला असेल, तर पेटीचा. पेटी खोटं बोलली होती आणि खरी ठरली होती. आपण खरं तेच सांगितलं आणि तोंडावर आपटलो. हा कुठला न्याय?

तिसऱ्या आठवड्यात तिला राहवेना. जेवणाच्या सुट्टीत ती रस्ता ओलांडून गेली आणि त्या थिएटरच्या जिन्याखाली जाऊन उभी राहिली. झाडू नाही, एप्रन नाही, नुसती हात बांधून. लोक उतरले. आणि काय सांगू, त्याच शिव्या! पोस्टर, आजोबांचा खोकला, मैत्रीण, तेच तेच. आणि एवढ्यात हेल्मेटवाला टकलू उतरला. सोबत बायको.

"सांगितलं होतं ना तुला, विमान थांबवतो म्हणून!" तो तिला म्हणत होता.

एकतीस वर्षांत मावशीनं एकाही माणसाला कधी काही विचारलं नव्हतं. आज तिनं त्याची वाट अडवली.

"अहो, ऐका जरा. तुम्ही त्या थिएटरात पाहिलात ना हा? शिव्या घालत होतात."

तो दचकला. "हो, मग?"

"मग परत कशाला आलात?"

"हिला दाखवायला."

"पण फालतू आहे म्हणालात!"

"फालतूच आहे, मावशी. चांगल्या पिक्चरला हिला झोप येते."

"मला नाही, यांनाच येते," बायको म्हणाली. "कालपासून सगळी ष्टोरी सांगून ठेवली मला. पुढे काय होणार ते माहीत असलं की बघायला मजा येते, असं यांचं म्हणणं."

"तुझं नाही का?" नवरा म्हणाला.

"माझंही तेच आहे," बायको म्हणाली, आणि दोघं हसत निघून गेली.

मावशी तिथेच उभी राहिली. मनात म्हणाली, माणसं आहेत का कोण आहेत ही.

घरी आली ती धुसफुसतच. चपला कोपऱ्यात फेकल्या. मुलगा टेबलावर पंख्याची मोटर उघडून बसला होता, त्यानं मान वर केली नाही. सूनबाई भांडी घासत होती. मावशीनं सगळं सांगितलं, हेल्मेटवाल्याच्या आवाजासकट.

"तोंडानं एक नि पायांनी एक! लाज नाही वाटत लोकांना? मी काय कान कापून ठेवू आता?"

सूनबाईच्या हातातलं पातेलं जरा जोरात खाली पडलं.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"बोल ना. हल्ली तूही मनात ठेवायला लागलीस?"

"मी बहिणीला घेऊन गेले होते," सूनबाई म्हणाली. पाठ फिरवलेलीच होती. "त्या शनिवारी. पास तुम्ही दिला होता तेव्हा पाहिला, आवडला, म्हणून तिला घेऊन गेले. तर तुमच्या थिएटरला दुसरंच काहीतरी रडगाणं. आम्हाला रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागलं. रांगेत उभं राहावं लागलं. बहीण म्हणाली, तुझी सासू आहे ना तिथे?"

"तुला आवडला होता?"

"फार."

"मग जिन्यात बोलली का नाहीस?"

सूनबाई वळली. हात साबणानं माखलेले. "काय बोलणार, आई? आजूबाजूला सगळे नावं ठेवत होते, टिंगल करत होते. त्यात मी म्हणू, मला आवडला? तो धावत आला तेव्हा मी रडले? सगळे माझ्याकडे बघून हसले असते."

"पण मी उभी होते ना!"

"तुम्ही झाडत होतात."

मुलानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आई, तू आमच्या घरातली एकटी जिच्या कानावर सगळ्या गावाचा विश्वास आहे, आणि घरातलं माणूस पुढ्यातून गेलं ते कळलं नाही."

"तू तुझा पंखा बघ," मावशी म्हणाली.

रात्रभर तिला झोप लागली नाही. सकाळी तिनं एप्रन सूनबाईपुढे टाकला. "मध्ये एक तिसरा खिसा शिवून दे. गप्प उतरणाऱ्यांसाठी."

सूनबाईनं शिवून दिला, कारखान्यातल्या माणसासारखा, दुहेरी टीप मारून. पुढच्या शुक्रवारी मावशीनं गप्प माणसं मोजायला सुरुवात केली. आणि तासाभरात डोकं धरून बसली. गप्प माणसाचं काय घ्या! एकाला आवडला म्हणून गप्प, एकाची दाढ दुखते म्हणून गप्प, एकाचं बायकोशी मध्यंतरात भांडण झालेलं, एक झोपेतून उठलेला. तोंडावरून काही कळेल म्हणावं तर जिन्यात दिवा असा मिणमिणता, की सगळ्यांचीच तोंडं रडवी दिसतात. खिसा तुडुंब भरला, आणि त्यातून काडीचा अर्थ निघाला नाही. दुसऱ्या शुक्रवारीही तेच. तिसऱ्या शुक्रवारी तिनं तो खिसा चष्मा ठेवायला घेतला.

महिन्याभरानं धाकट्या मालकांनी ऑफिसमध्ये बोलावलं. दाराची कडी आता नवी होती. मावशीला वाटलं ते चिडवतील, पण ते हळूच बोलले, ते जास्त लागलं.

"मावशी, एक तारखेपासून मागचा जिना बंद करतोय. लोकांना पुढून काढायचं. पेटी पुढेच आहे ना."

"पेटी खोटं बोलते," मावशी म्हणाली.

"बोलत असेल. पण खुणा तर करतात लोक."

"मी काय खोटं सांगितलं होतं? एक शब्द तरी? चला, एक दाखवा!"

"नाही. एकही नाही," धाकटे म्हणाले. "तेच तर."

मावशी खुर्चीवरून उठली. तिनं त्यांना अर्ध्या चड्डीत पाहिलेलं, जिन्याच्या कठड्यावरून घसरताना दोनदा कान धरून उतरवलेलं. आता कान धरायची सोय नव्हती.

"खुर्च्या पुसायला येता का?" त्यांनी विचारलं.

"बघते," ती म्हणाली. म्हणजे नाही.

शेवटचा शुक्रवार आला. पुन्हा हिंदी पिक्चर, पुन्हा प्रेमाचाच, यात विमानतळाऐवजी आगगाडी. मावशीनं दहा मिनिटं आधी दारं उघडली. दुसऱ्या वळणावर उभी राहिली. लोक बोलत उतरले, ती झाडत राहिली. एकजण म्हणाला, "गाडी सुटणार नाही, हे गाडीलाही माहीत होतं." मावशीनं अर्धक उजव्या खिशात टाकलं. एका पोरीनं मैत्रिणीला सांगितलं, "मला नाही बाई कंटाळा आला." ते डाव्या.

जिना खालपर्यंत झाडून झाला. केर भरला. झाडू जागेवर ठेवला. कोणी पाठवलं नव्हतं, कोणाला आता त्याचा उपयोगही नव्हता, तरी ती दोन गल्ल्या ओलांडून थोरल्या मालकांच्या घरी गेली.

थोरले खुर्चीत पायावर पांघरूण घेऊन बसले होते. "काय म्हणाला जिना?"

तिनं दोन्ही खिसे टेबलावर रिकामे केले आणि सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा तो गाडी सुटणार नाही म्हणणारा, त्याच्याच आवाजात. मग एक जाडी बाई, मग दोन कॉलेजची पोरं, जी एकमेकांचं वाक्य पुरं करत होती. अर्ध्यात थोरल्यांची मान खाली गेली, घोरणं सुरू झालं. मावशी थांबली नाही. राहिलेल्या एकोणीसजणांचं तिनं सगळं सांगितलं, एकही गाळला नाही, आवाज तेवढा जरा खाली केला. मग अर्धकं गोळा करून केराच्या डब्यात टाकली, मालकांच्या पायावरून घसरलेलं पांघरूण नीट केलं, आणि दार हलक्या हातानं ओढून घेऊन घरी गेली.